ठशावर ठसा

“मावशी, यांचं चुकलंय.”

सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेच्या पेटीला नाक चिकटवून माझा भाचा म्हणाला. वय वर्षं अकरा. पेटीत खरबुजाएवढा दगड, मधोमध फोडलेला, पोटात जांभळे स्फटिक. काय चुकलं, म्हणून विचारलं तर म्हणे, “सगळ्यात बाहेर बेसॉल्ट, मग कॅल्साइट, मग आत अमेथिस्ट, असं पाहिजे. यांचा कॅल्साइट अमेथिस्टच्या डोक्यावर बसलाय.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. याच मुलाने सहामाहीच्या पेपरात ‘दख्खनचे पठार कोणत्या खडकाचे बनले आहे?’ या प्रश्नापुढची जागा कोरी सोडली होती. तो पेपर आईला दाखवायच्या आधी माझ्याकडे आला होता, म्हणून मला पक्कं आठवतं.

“बेसॉल्ट कुठून आला रे डोक्यात?”

“माइनक्राफ्टमधून. अजून कुठून येणार?”

घरी येऊन त्याने दाखवलंच. २०२१ साली त्या खेळात जमिनीखाली अमेथिस्टच्या पोकळ्या आल्या. बाहेर गुळगुळीत बेसॉल्टचं कवच, आत कॅल्साइटचा थर, त्याच्या आत जांभळा उजेड. खेळ बनवणाऱ्यांपैकी कुणीतरी खरा दगड हातात घेऊन बघितला असणार, नाहीतर बाहेर बेसॉल्टच घालायचं कसं सुचलं असतं?

पेटीतल्या दगडाचं मी त्याला माझ्या परीने सांगितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहत होता. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, म्हणजे पावात असतात तशी भोकं राहिली. मग खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्या भोकांच्या भिंतींवर एकेक थर चढवत गेलं. जे आधी आलं ते भिंतीला, जे शेवटी आलं ते सगळ्यांच्या वर. त्यामुळे कॅल्साइट डोक्यावर बसला तर तो उशिरा आलेला पाहुणा. आपल्याकडे विहीर खोदताना, खाणीत सुरुंग लावताना असे झिओलाइट (अशाच पोकळ्यांत तयार होणारी खनिजं) आणि स्फटिक निघतात, आणि कितीतरी खडीत दळूनही जातात. त्याने सगळं ऐकून घेतलं, पेटीकडे पुन्हा बघितलं आणि निकाल दिला, “म्हणजे गेमवाल्यांनी सोपं केलंय.”

दोन तास आम्ही तिथे होतो. घरी हाच मुलगा मोबाइल सोडून दोन मिनिटं जेवायला बसत नाही.

माझं काम दातांचं. डॉक्टर नाही, टेक्निशियन. नाशकात अशोक स्तंभाजवळ छोटी लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा पाठवतात, मी त्यात डेंटल स्टोन ओतते, जबडा काढते, त्यावर मेण लावून दात बसवते. दिवसभर हेच. त्यामुळे ठसा म्हटलं की माझे कान टवकारतात. आणि दुसरं म्हणजे मला जुन्या नाण्यांचा नाद आहे. हल्ली अशा माणसाला गीक म्हणतात. आमच्या आईकडे त्याला ‘नादिष्ट’ असा खणखणीत शब्द आहे, फक्त ती तो कौतुकाने वापरत नाही.

नाद लागला शाळेच्या सहलीत. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांची संशोधन संस्था आहे, १९८० पासूनची. डोंगराच्या पायथ्याशी, शांत. आमच्या बाई घाईत होत्या कारण पुढे त्र्यंबकला दर्शनाची रांग गाठायची होती. पण मला तिथे जोगलथेंबीची गोष्ट ऐकायला मिळाली आणि माझं दर्शन तिथेच झालं.

जोगलथेंबी आपल्याच जिल्ह्यातलं, सिन्नर तालुक्यातलं गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नाही, तेरा हजारांवर नाणी. सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तिथे लेख ब्राह्मी नि खरोष्ठीत. म्हणजे एका नाण्यावर तीन लिप्या. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसराच ठसा मारलेला होता. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला, त्याची नाणी हाती आली आणि ती वितळवत न बसता त्यांच्यावरच आपली चिन्हं ठोकली. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचं उज्जयिनी चिन्ह.

घाईत ठोकलेली नाणी ती. त्यामुळे बऱ्याच नाण्यांत खालचा नहपान पुरता मेलेला नाही. डोंगराच्या कमानीतून त्याचं नाक बाहेर येतं. कुठे कान दिसतो, कुठे ग्रीक अक्षराचं शेपूट.

माझ्या धंद्यात याला रिजेक्ट म्हणतात. ट्रे तोंडात हलला की ठसा दुहेरी येतो, एका दाताच्या जागी दीड दात. मी डॉक्टरांना फोन करते, परत घ्या म्हणते. नाण्याच्या बाबतीत तोच दुहेरीपणा पुरावा ठरला. सातकर्णीने नहपानाला हरवलं हे लेण्यातला लेख सांगतोच, पण लेख विजेत्याच्या घरचा असतो. नाण्यावर दोघंही आहेत, एकाच्या अंगावर दुसरा.

तो लेख कुठे आहे, हे नाशिककरांना सांगायला नको. पण सांगते, कारण शहरातली निम्मी माणसं तिथे फक्त सकाळी व्यायामाला जातात. पांडवलेण्यातलं ३ नंबरचं लेणं. सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने मुलाच्या मागे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, ते दान दिलं आणि भिंतीवर मुलाचं वर्णन कोरून घेतलं. ‘खखरातवंस’ निरवशेष करणारा, म्हणजे क्षहरातांचा निर्वंश करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा. आईने लिहिलेलं वर्णन आहे, त्यामुळे थोडी सूट द्यायची. पण जरा पुढे १० नंबरच्या लेण्यात जा. तिथे त्याच नहपानाचा जावई उषवदात भेटतो. निर्वंश केलेल्यांचं लेणं जिंकणाऱ्यांच्या लेण्याशेजारी तसंच उभं आहे, अक्षरांसकट.

उषवदाताच्या लेखांपैकी एक मला तोंडपाठ आहे, कारण तो सरळ बँकेचा कागद आहे. त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवीत ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणांची वस्त्रं. भाच्याला मी तिथेच उभं राहून गणित घातलं. तो मोबाइलवर न करता बोटांवर करायला लागला. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दोन हजारांचं महिन्याचं व्याज वीस, वर्षाचं दोनशे चाळीस. “अगं, बरोब्बर जुळतं!” तो इतक्या जोरात ओरडला की सेल्फी घेणारं एक जोडपं दचकलं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब एका पैशाने चुकलेला नाही. आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

आता ‘पांडवलेणी’ या नावाविषयी. लेखांमध्ये या डोंगराला तिरण्हु म्हटलंय, त्याचंच त्रिरश्मी. लेणी बौद्ध, एकूण चोवीस, इसवी सनाच्या आधीपासून पुढे काही शतकं कोरत गेलेली. ११ नंबरात नंतरच्या काळातल्या जैन मूर्ती आहेत. पांडवांचा यात काडीचा संबंध नाही. पण भिक्खू गेले, लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, आणि खालच्या गावांतल्या लोकांनी ओळखीच्या गोष्टीतल्या माणसांना तिथे राहायला पाठवलं. कथाकीर्तनातले पांडव म्हणजे त्या काळचे सगळ्यात लोकप्रिय नायक. जिथे म्हणून न कळणारी जुनी लेणी दिसतील तिथे पांडव एका रात्रीत बांधून निघून गेलेले असतात. आजच्या मुलांच्या भाषेत ही फॅन फिक्शन.

हे मी मोठ्या हौसेने लॅबमध्ये सांगत होते. माझा सहकारी, नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर कास्टिंग करतो, तो दर बुद्धपौर्णिमेला घरच्यांना घेऊन तिथे जातो. तो कधीच पांडवलेणी म्हणत नाही, त्रिरश्मी म्हणतो. मी नऊ वर्षं ते ऐकत होते आणि त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. बर्नर बंद करून तो म्हणाला, “ताई, तुम्हाला ते गमतीचं टोपणनाव वाटतं. आम्हाला आमच्या घराच्या दारावर दुसऱ्याची पाटी दिसते.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी दुसरं मॉडेल ट्रिम करायला घेतलं.

तेव्हापासून मी दोन्ही नावं घेते, आधी त्रिरश्मी. रिक्षावाल्याला मात्र पांडवलेणीच सांगावं लागतं. लोकांनी मारलेला ठसाही खराच असतो, तो खरवडून काढा असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच की वरचा ठसा मारताना खालचं नाक पूर्ण चेपून टाकू नका. परवा मला कुणीतरी सातकर्णीवरची एक रील पाठवली. कंप्युटरने बनवलेली चित्रं, पिळदार दंड, डोक्यावर पेशवाई पगडी आणि मागे तोफा. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात तोफा! खाली दोन-तीनशे लोकांनी ‘अभिमान’ लिहिलं होतं. मी तोफांबद्दल एक वाक्य लिहिलं तर मला माझ्या जातीपासून दातांपर्यंत सगळं विचारून झालं. त्या रीलमध्ये नहपान कुठेच नव्हता. ज्याला हरवलं तोच नाही, तर जिंकलं कुणाला?

त्रिरश्मीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. बागेत आलेली बरीच माणसं वर चढत नाहीत आणि वर जाणारी खाली थांबत नाहीत, जणू दोन वेगळी गावं. फाळके आपले, त्र्यंबकचे, जन्म १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, हे शाळेतलं पोर सांगतं. कमी लोकांना आठवतं ते हे की १९०३ च्या सुमारास हा माणूस पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन होता. जुन्या वास्तूंची चित्रं काढणं, फोटो घेणं, हीच नोकरी. काही वर्षांत ती सोडली आणि छापखाना काढला. त्याशिवाय तो जादूचे प्रयोग करायचा आणि त्यासाठी त्याने आपलं नाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ केलं होतं. वाटाण्याला कोंब फुटून रोप कसं वाढतं, हे त्याने रोज थोडं थोडं चित्रित करून पडद्यावर सलग वाढताना दाखवलं, सिनेमासाठी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून. माझा भाचा मोबाइल खिडकीत ठेवून मेथी उगवण्याचा व्हिडिओ करतो तेव्हा घरातले सगळे त्याला रिकामटेकडा म्हणतात. मी म्हणत नाही.

पुराणातल्या देवांना पडद्यावर आणणारा माणूस आधी पुरातत्त्व खात्याच्या पगारावर होता, याचं मला फार बरं वाटतं. खात्याला तेव्हा काय वाटलं असतं कोण जाणे.

गेल्या डिसेंबरात भाच्याला मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि गेमवेड्यांच्या मेळाव्याला, जायचं होतं. नुसतं बघायला नाही, वेष करून. कुठल्यातरी जपानी खेळातला शिंगवाला योद्धा. चिलखत करायची जबाबदारी अर्थात मावशीवर. या मंडळींचं चिलखत फोमचं असतं, इव्हीए फोम, चपलांच्या तळव्याला वापरतात तोच. ऑनलाइन महाग पडत होता, म्हणून भद्रकालीत चपलांचं सामान विकणाऱ्याकडून शीट आणल्या. त्याने विचारलं किती जोड काढणार, मी म्हटलं एकच, पण अंगभर. हीट गनने वाकवून, चिकटवून, वर रंग. शिरस्त्राण मात्र मी खऱ्या मापाने केलं, पोराच्या डोक्याचा ठसा घेऊन. जाताना गाडीच्या गर्दीत डावं शिंग तुटलं. पर्समध्ये सेल्फ क्युअर, म्हणजे आपोआप घट्ट होणाऱ्या, ॲक्रिलिकची पावडर आणि लिक्विड होतं (असतंच), दरवाज्याजवळ उभं राहून शिंग जोडलं. त्या लिक्विडचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना डब्यातल्या लोकांची कल्पना येईल.

घरी आल्यावर फोटो आईला दाखवला. तिने चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हा कुठला वीर गं?”

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. घराण्यात जे वीर झाले त्यांचे टाक लाल कापडात घेऊन लोक वाजतगाजत गंगेवर जातात, म्हणजे गोदावरीवर, आम्ही तिला गंगाच म्हणतो. रामकुंडावर टाकांना अंघोळ घालतात. घरातली पोरं राम, कृष्ण, शंकर, शिवाजी महाराज अशा वेषात. बाशिंग बांधलेले दाजिबा वीर निघतात तेव्हा जुन्या नाशकात पाय ठेवायला जागा नसते. मी सहा वर्षांची असताना मला झाशीची राणी केलं होतं. मिश्या मात्र आमच्या शेजारच्या दादाने हट्टाने काढल्या, वीर आहे तर मिशी हवीच म्हणून. मिशीवाल्या राणीचा तो फोटो अजून आईच्या कपाटात आहे. माझं पहिलं कॉस्प्ले तेच, फक्त तेव्हा हा शब्द नव्हता आणि तिकीटही नव्हतं.

आईचा प्रश्न म्हणूनच मला अडाणी वाटला नाही. उलट तिने दोन सेकंदांत जे ओळखलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. कॉनमध्ये पोरं एकमेकांना थांबवून ‘तू कोण?’ विचारत होती आणि समोरचा स्वतःचं नाव न सांगता योद्ध्याचं नाव सांगत होता. वीरांच्या मिरवणुकीत आम्हीही तेच करायचो. फरक आहेच. टाकामागे कुणीतरी खरंच मेलेलं असतं, त्याचं सुतक एकेकाळी कुठल्यातरी घराने पाळलेलं असतं. जपानी योद्ध्यामागे कंपनी असते. हा फरक छोटा नाही आणि भाच्याला मी तो सांगितला. तो म्हणाला, “मग पुढच्या वर्षी मी दोन्ही होतो.”

संग्रहालयांना हे सगळं थिल्लर वाटतं का? बाहेर तरी वाटेनासं झालंय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात पॅक-मॅन आणि टेट्रिस आहेत. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने २०२३ मध्ये पोकेमॉनला आत बोलावलं आणि व्हॅन गॉगने स्वतःचं चित्र काढलंय तशा करड्या हॅटमधल्या पिकाचूचं पत्त्यासारखं कार्ड काढलं. मग कार्ड विकून पैसे करणाऱ्यांची अशी झुंबड उडाली की संग्रहालयाला ते कार्ड देणंच थांबवावं लागलं. त्या गर्दीतल्या किती जणांनी वर भिंतीकडे बघितलं असेल? माझ्या मते थोड्यांनी. पण एखादं पोर हॅटवाला खरा माणूस शोधत गेलं असेलच, जसं आमचं बेसॉल्ट शोधत आलं.

इकडे एका संग्रहालयात (नाव नको) मी नाण्यांच्या कपाटापुढे उभी होते. पाटीवर एवढंच, ‘नाणी (प्राचीन)’. राजा नाही, गाव नाही, सापडली कुठे ते नाही. ट्यूबलाइट अशी लावलेली की नाण्यापेक्षा स्वतःचाच चेहरा दिसतो. मी टॉर्च लावला तर हटकलं. तेवढ्यात मला एका नाण्यावर डोंगराची कमान आणि तिच्या खाली काहीतरी फुगीर दिसल्यासारखं झालं. पण तोवर वेळ संपली होती.

त्याच संध्याकाळी भाचा लॅबवर आला. सुट्टी होती. मी त्याला सगळी गोष्ट सांगितली, तर त्याला तसं नाणं करायचंच होतं. मी फोटोवरून मेणात नहपानाचा चेहरा कोरला, माझ्या बारीक कार्व्हरने, दाताच्या खाचा कोरतो त्याने. त्यावरून स्टोनचा ठसा केला. भाच्याने स्वतःचा ठसा केला, माइनक्राफ्टमधल्या हिरव्या क्रीपरचं चौकोनी तोंड. मऊ मेणाच्या चकतीवर आधी नहपान, मग क्रीपर.

पहिल्या वेळी त्याने एवढ्या जोरात दाबलं की नहपान सपाट. दुसऱ्या वेळी घाबरून इतकं हळू की क्रीपर उमटलाच नाही. तिसरी चकती मी तापवून दिली, अंगठ्याने किती दाबायचं ते त्याच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाखवलं. ती आता माझ्या टेबलाच्या खणात आहे, मेणाच्या कांड्यांशेजारी. क्रीपरच्या उजव्या डोळ्यातून नहपानाचं नाक बाहेर आलंय.